टूर कंपनीशिवाय मीसॉन: ताईच्या पासपोर्टपासून महाशिवरात्रीपर्यंत

व्हिएतनाममधली मीसॉनची जुनी देवळं बघून परत आल्यापासून कॉलनीतल्या, शाळेतल्या आणि नात्यातल्या बायका एकच प्रश्न विचारतात, "व्हिसा कोणी काढून दिला?" कोणीच नाही. मी आणि ताई, आम्ही दोघींनी नागपुरात घरी बसून तो काढला. विमानाची, रेल्वेची, हॉटेलची तिकिटं-बुकिंगही आम्हीच केली. दोघीही साठीच्या आसपासच्या. मी याआधी देशाबाहेर पाऊल टाकलेलं नव्हतं. म्हणून सगळं घडलं तसं क्रमाने लिहिते आहे. कागदपत्रांचा भाग लांबला तर लांबू द्या, कारण माझी झोप त्यानेच उडवली होती.

आधी मीसॉनच का, ते सांगते. मी शाळेत इतिहास शिकवला. नववीच्या मुलांना दरवर्षी रामटेक, नगरधन आणि मनसरला न्यायची. मनसरच्या टेकडीवर 1997-98 पासून झालेल्या उत्खननात वाकाटकांच्या काळातली विटांची बांधकामं उघडी पडली. मुलांना तिथे उभं करून वाकाटकांची राणी प्रभावतीगुप्ता, राजा प्रवरसेन सांगताना वर्ग कधी कंटाळला नाही. पुढे कधीतरी वाचलं, की साधारण त्याच काळात, चौथ्या शतकाच्या अखेरीस, व्हिएतनामच्या मध्यभागी चंपा राज्याचा राजा भद्रवर्मा डोंगरांनी वेढलेल्या एका दरीत भद्रेश्वर नावाचं शिवालय उभारत होता. ती दरी म्हणजे मीसॉन. तिथेही विटांचीच देवळं, तिथेही संस्कृत शिलालेख. तेव्हापासून ते डोक्यात होतं.

नागपुरातल्या दोन-तीन टूर कंपन्यांकडे चौकशी केली. सगळ्यांच्या कार्यक्रमात 'हा लाँग बे' नावाची खाडी, सोनेरी पूल आणि खरेदी. मीसॉन कुठेच नव्हतं. एका ठिकाणी तर सांगितलं, "मॅडम, तिथे नुसत्या पडक्या विटा आहेत." मला त्याच बघायच्या होत्या. ताईला फोन केला. ती म्हणाली, "मग आपणच जाऊ ना! पण शिवालय बघायचं तर महाशिवरात्रीलाच." 2025 ची महाशिवरात्र 26 फेब्रुवारीला होती. आमच्याकडे त्या दिवशी लोक पचमढीला चौरागडाच्या यात्रेला जातात, ताईही पूर्वी दोनदा चढून आलेली. तिची ती अट म्हणून तारीख पक्की झाली, आणि पुढचं सगळं त्या तारखेच्या मागे मागे लावायचं ठरलं.

ऑक्टोबर 2024 मध्ये पहिलं काम निघालं ते ताईच्या पासपोर्टचं. त्याची मुदत जून 2025 पर्यंत होती. व्हिएतनाममध्ये शिरताना पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक लागते, असं विमान कंपन्या धरून चालतात, त्यामुळे तो नव्याने काढणं भाग होतं. शिवाय त्यावर पत्ता अमरावतीचा होता आणि आता ती नागपुरात राहते. ऑनलाइन अर्ज भरला, 36 पानी पासपोर्टची साधी फी 1500 रुपये. तत्काळमध्ये आणखी 2000 लागले असते, पण हाताशी चार महिने होते, म्हणून तो मार्ग घेतला नाही. तुमच्याकडे वेळ असेल तर तुम्हीही घेऊ नका.

पासपोर्ट सेवा केंद्रात ए, बी, सी असे तीन काउंटर असतात. ए वर फोटो, बोटांचे ठसे आणि कागद स्कॅन होतात, बी वर कागद पडताळतात, सी वर मंजुरी मिळते. जुना पासपोर्ट मूळ आणि त्याच्या पहिल्या-शेवटच्या पानांच्या झेरॉक्स, आधार, आणि पत्ता बदलला म्हणून वीजबिल एवढं न्यायचं. ताईचं नाव आधारवर आणि पासपोर्टवर अक्षरशः एकसारखं आहे ना, हे मी आठ दिवस आधी तीन वेळा तपासलं होतं. आपल्याकडे बायकांच्या नावात कधी वडील, कधी नवरा, कधी नुसती अद्याक्षरं अशी गंमत असते, आणि तिथे एका अक्षराचाही फरक चालत नाही. नाव जुळत नसेल तर आधी आधार दुरुस्त करून घ्या, मग अर्ज करा. दोन तासांत बाहेर पडलो. आठवडाभराने पोलीस ठाण्यातून फोन आला, ताई कागद घेऊन जाऊन आली. नोव्हेंबरच्या मध्यात पासपोर्ट स्पीड पोस्टाने घरी आला. पोस्टमन तो स्वतः अर्जदाराच्याच हातात देतो, शेजाऱ्यांकडे ठेवत नाही, म्हणून त्या दिवसांत घरी कोणीतरी नव्हे, तुम्हीच असायला हवं.

नवा पासपोर्ट चिप असलेला निघाला. मुखपृष्ठावर खाली सोनेरी छोटं चिन्ह असतं, त्यावरून ओळखायचा. ई-पासपोर्टची चाचणी 1 एप्रिल 2024 ला ज्या दोन शहरांत सुरू झाली त्यांत भुवनेश्वरसोबत आपलं नागपूर होतं. ताईला याचं फार अप्रूप वाटलं.

डिसेंबरमध्ये विमानाची तिकिटं काढली. नागपूर ते कोलकाता, आणि कोलकात्याहून रात्रीच्या विमानाने हनोई. दिल्ली-मुंबईपेक्षा हा मार्ग सोपा, कारण कोलकात्याहून हनोई तीन तासांच्या आत येतं. जाणं 21 फेब्रुवारीला, परत येणं 1 मार्चच्या रात्री. दोन्ही मिळून माणशी 31 हजारांच्या आसपास पडलं. तिकिटावर नाव टाकताना पहिल्या नावाच्या रकान्यात मधलं नावही टाकलं, कारण पासपोर्टवर ते 'गिव्हन नेम'मध्ये आहे. आणखी एक: दोन्ही विमानं एकाच बुकिंगमध्ये घेतली. वेगवेगळी घेतली असती आणि नागपूरचं विमान धुक्यामुळे रखडलं असतं, तर पुढचं सुटून नुकसान आमचंच झालं असतं.

आता व्हिसा. व्हिएतनामचा ई-व्हिसा 90 दिवसांपर्यंत मिळतो. ही मुदत 15 ऑगस्ट 2023 पासून वाढली, आधी ती 30 दिवस होती. एकदाच शिरायचं असेल तर 25 डॉलर, पुन्हा पुन्हा ये-जा करायची असेल तर 50. अर्ज फक्त त्यांच्या सरकारी संकेतस्थळावर करायचा, ज्याच्या पत्त्याच्या शेवटी 'जीओव्ही डॉट व्हीएन' असतं. गुगलवर शोधलं की सगळ्यात वर खासगी दलालांची पानं येतात, ती दिसायला हुबेहूब सरकारी वाटतात आणि दुप्पट-तिप्पट पैसे घेतात. भाच्याने पत्ता एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दिला, तो मी संगणकाच्या पडद्याला चिकटवला.

अर्ज एका बैठकीत होतो, पण हाताशी काय काय हवं ते आधीच मांडून बसा. चष्म्याशिवाय, पांढऱ्या पार्श्वभूमीवर काढलेला फोटो. पासपोर्टच्या माहितीच्या पानाचा फोटो, ज्यात खालच्या दोन ओळी, त्या बाणांच्या खुणांच्या, पूर्ण दिसल्या पाहिजेत आणि कुठेही प्रकाशाची चकाकी नको. मोबाइलवर काढलेला फोटो चालतो, मात्र खिडकीजवळ, फ्लॅश न वापरता. मग पहिल्या रात्रीच्या हॉटेलचा पत्ता. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कुठून शिरणार आणि कुठून बाहेर पडणार ते. यादीतून विमानतळ निवडायचा असतो आणि तोच व्हिसावर छापून येतो. आम्ही दोन्हीकडे हनोईचा नोई बाई विमानतळ निवडला. अर्जात आडनाव आधी येतं. जन्मतारखेत दिवस आधी की महिना आधी ते बघून घ्या. पैसे भरायला आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू असलेलं कार्ड लागतं. बँकेच्या ॲपमध्ये ती परवानगी आपल्याला चालू करता येते, काम झालं की पुन्हा बंद करून टाका. बँकेचे चार्जेस धरून माणशी 2250 रुपये लागले. व्हिसा नाकारला तरी हे पैसे परत मिळत नाहीत, म्हणून 'सबमिट' दाबण्याआधी ताईने मोठ्याने वाचलं आणि मी पासपोर्टशी ताडून पाहिलं, आणि मग अदलाबदल करून पुन्हा एकदा.

अर्ज 21 जानेवारीला भरले. कामकाजाचे तीन दिवस लागतात असं लिहिलेलं असतं. 24 ला संध्याकाळी माझा व्हिसा आला. ताईचा आला नाही. दुसऱ्या दिवसापासून तिथे तेतची सुट्टी लागली. तेत म्हणजे त्यांचं चांद्र नववर्ष, 2025 मध्ये 29 जानेवारीला होतं, आणि सरकारी कचेऱ्या 25 जानेवारी ते 2 फेब्रुवारी बंद होत्या. आपल्या दिवाळीच्या सुट्टीत एखादी फाइल अडकावी, तसं ते झालं. ते दिवस मला जड गेले. रोज सकाळी पूजा आटोपली की ताईचा फोन, "पाहिलं का गं?" मी नोंदणी क्रमांक, ईमेल आणि जन्मतारीख टाकून बघायची, उत्तर तेच, 'प्रक्रिया सुरू आहे'. हॉटेलं ठरलेली, तिकिटांचे पैसे परत न मिळणारे. ताई एकदा हळूच म्हणाली, "नाहीच आला तर तू जाऊन ये, मला फोटो दाखव." त्या वाक्यानंतर मी तिला दिवसातून दोनदा फोन करू लागले, उगाच, कशाकशासाठी.

4 फेब्रुवारीला दुपारी तिचा व्हिसा आला. ती माझ्याकडे रिक्षाने आली आणि येताना संत्रा बर्फी घेऊन आली. तुम्ही जानेवारी-फेब्रुवारीत जाणार असाल तर त्या वर्षीचा तेत कधी आहे ते बघा आणि अर्ज त्याच्या निदान तीन आठवडे आधी टाका. व्हिसा आला की त्यावरचं नाव, पासपोर्ट क्रमांक, तारखा आणि विमानतळ लगेच वाचा. दोन-दोन रंगीत प्रती काढा, एक पर्समध्ये, एक बॅगेत.

पैशांचं सोपं आहे. व्हिएतनामचं चलन डोंग, ते इथे मिळवायच्या मागे लागू नका. अधिकृत विनिमय केंद्रातून डॉलर घ्यायचे. तिथे पासपोर्ट, पॅन कार्ड आणि तिकीट दाखवावं लागतं. आम्ही शंभराच्या कोऱ्या, न दुमडलेल्या नोटा मागून घेतल्या, कारण तिथे मळक्या किंवा लहान नोटांना भाव कमी मिळतो. त्या हनोईत बदलल्या. हिशेबाची युक्ती भाच्याने शिकवली: रकमेची शेवटची तीन शून्यं काढायची आणि उरलेल्याला साडेतीनने गुणायचं. दीड लाख डोंग म्हणजे साधारण 500 रुपये. एक सावधगिरी मात्र बाळगा. 20 हजारांची आणि 5 लाखांची, दोन्ही नोटा निळसर असतात. घाईत रिक्षावाल्याला किंवा फळवालीला देताना फसगत होऊ शकते. आम्ही 5 लाखांच्या नोटा वेगळ्या पाकिटातच ठेवल्या. प्रवास विमा माणशी 900 रुपयांना मिळाला, तो घ्याच.

21 तारखेला संध्याकाळी नागपूरहून निघालो. कोलकात्याला विमान कंपनीच्या काउंटरवर व्हिसाची छापील प्रत आणि परतीचं तिकीट मागितलं. इमिग्रेशनच्या अधिकाऱ्याने विचारलं, कोण कोण जाताय, किती दिवस, तिथे कोणी ओळखीचं आहे का. ताईने हिंदीत शांतपणे सांगितलं, "दोघी बहिणी आहोत, देवळं बघायला चाललोय." शिक्का बसला. हनोईला पहाटे उतरलो तेव्हा घड्याळ दीड तास पुढे करावं लागलं. तिथे आम्हाला आगमनाचा कुठलाही फॉर्म भरावा लागला नाही. पासपोर्ट आणि व्हिसा काचेखाली सरकवला, अधिकाऱ्याने चेहऱ्याकडे पाहिलं, झालं. ज्या क्षणाची इतकी धास्ती होती तो दोन मिनिटांत संपला. बाहेर येऊन मी ताईचा हात घट्ट धरला, बोललो मात्र काहीच नाही.

हनोईत थंडी होती आणि बारीक पाऊस. स्वेटर न्यायला विसरू नका, फेब्रुवारी म्हणजे नागपूरचा फेब्रुवारी नव्हे. विमानतळावर सिमकार्ड घेतलं, गाड्यांसाठी ग्रॅब ॲप वापरलं, भाडं आधीच दिसत असल्याने घासाघीस नाही. तिथलं सगळं सांगत बसत नाही, एकच जागा सांगते. 1070 साली स्थापन झालेलं साहित्य मंदिर, म्हणजे वान मिऊ. तिथे दगडी कासवांच्या पाठीवर 82 शिलापट उभे आहेत आणि त्यांवर 1442 ते 1779 या काळातल्या परीक्षांमध्ये सर्वोच्च पदवी मिळवलेल्यांची नावं कोरली आहेत. परीक्षेत पास झालेल्या मुलांची नावं दगडात! पस्तीस वर्षं पेपर तपासलेल्या बाईला तिथून हलावंसं वाटेना.

खाण्याचं विचारतात सगळ्या. आम्ही दोघी शाकाहारी. तिथल्या बौद्ध लोकांमुळे शाकाहाराची मोठी परंपरा आहे, आणि 'चाय' अशी पाटी असलेल्या खानावळींमध्ये मांस, मासे, मत्स्यसॉस काहीही नसतं. 'टोई आन चाय', म्हणजे मी शाकाहारी खाते, हे वाक्य त्यांच्या लिपीत हॉटेलच्या मुलीकडून कागदावर लिहून घेतलं आणि प्रत्येक ठिकाणी तो कागद पुढे केला. नुसतं 'नो मीट' म्हणून भागत नाही, कारण मत्स्यसॉस त्यांना मांस वाटत नाही. चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या तिथीला बरेच लोक शाकाहार करतात. परतीच्या वाटेवर 28 फेब्रुवारीला अशी तिथी आली, त्या दिवशी जिथे तिथे शाकाहारी पदार्थ होते. तरीही शेंगदाण्याची चटणी, राजगिऱ्याचे लाडू आणि मेतकूट सोबत असू द्या.

23 ला संध्याकाळी हनोईहून रात्रीची गाडी धरली. चार बर्थचा डबा, स्वच्छ पांघरूण, माणशी साधारण 3 हजार रुपये. सकाळी ह्वेला उतरलो. ही 1802 ते 1945 या काळातली न्गुयेन राजांची राजधानी. राजवाडा मोठा आहे, 1968 च्या लढाईत त्याचं फार नुकसान झालं आणि अजून दुरुस्ती चालू आहे. मला मात्र नदीकाठच्या थिएन मू पॅगोडाने जास्त थांबवलं. तिथे एका बाजूला निळसर रंगाची जुनी ऑस्टिन गाडी ठेवलेली आहे. भिक्खू थिक क्वांग डुक 11 जून 1963 ला याच गाडीतून सायगॉन शहरातल्या चौकात गेले आणि बौद्धांवर होणाऱ्या अन्यायाविरुद्ध त्यांनी स्वतःला अग्नीच्या स्वाधीन केलं. आम्ही दीक्षाभूमीच्या गावातून आलेल्या. दर विजयादशमीला लाखो लोक पांढऱ्या कपड्यांत येताना पाहतच मोठ्या झालो. त्या गाडीसमोर ताई चपला काढून उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळची गाडी घेऊन दा नांगला गेलो. हाय वान घाटातून, समुद्राच्या अगदी कडेने रूळ जातात. दा नांगकडे जाताना डावीकडची जागा मागा. तीन तासांहून कमी प्रवास आणि तिकीट दीड लाख डोंग.

दा नांगमध्ये चाम, म्हणजे चंपा राज्यातल्या लोकांच्या, शिल्पांचं संग्रहालय आधी बघा आणि मीसॉन नंतर, हा माझा आग्रह आहे. मीसॉनमधली बरीचशी उत्तम शिल्पं इथे आणून ठेवली आहेत. ती डोळ्यांत असली की दुसऱ्या दिवशी रिकामे गाभारे रिकामे वाटत नाहीत. हे संग्रहालय फ्रेंचांच्या काळात, 1919 साली उघडलं. तिकीट 60 हजार डोंग. मीसॉनच्या ई गटातल्या (तिथल्या देवळांच्या गटांना इंग्रजी अक्षरांची नावं आहेत) देवळाचं सातव्या शतकातलं पीठ आहे, त्यावर रानात बसलेले तपस्वी, कोणी वाद्य वाजवतोय, कोणी शिकवतोय. तिथलाच एक उभा गणपती आहे, हातात वाडगा घेतलेला. ताई बघून म्हणाली, "आपल्या नागपूरच्या टेकडीचा गणपती बसलेला, हा उभा राहून वाट पाहून राहिला." त्रा किऊ गावाहून आणलेली नर्तकींची शिल्पं आहेत. आणि डोंग डुओंगची, तारा या बौद्ध देवीची कांस्यमूर्ती, 1978 साली सापडलेली. डोंग डुओंग हा राजा दुसरा इंद्रवर्मा याने 875 साली उभारलेला मोठा बौद्ध विहार होता. शैव राजांच्या राज्यात बौद्ध विहार, हे मला नवं नव्हतं, वाकाटकांच्याच काळात अजिंठ्याची सर्वोत्तम लेणी कोरली गेली. मी तीन तास होते, ताई मधल्या बाकावर बसून माझी वाट पाहत होती, एकदाही चल म्हणाली नाही.

त्या रात्री होई आनला मुक्काम केला, कारण तिथून मीसॉन 40 किलोमीटर. हॉटेलमार्फत गाडी ठरवली, जाऊन-येऊन 7 लाख डोंग, म्हणजे 2400 रुपये. पहाटे साडेपाचला निघालो. महाशिवरात्र, ताईचा कडक उपवास. राजगिऱ्याचा लाडू, केळी आणि आदल्या रात्री बाजारात मिळालेलं उकडलेलं रताळं एवढी शिदोरी. बेलाची पानं न्यायची तिची फार इच्छा होती, पण ताजी पानं-फुलं परदेशात नेताना अडचण येऊ शकते, म्हणून मी आधीच नको म्हटलं होतं. मीसॉनचं तिकीट दीड लाख डोंग, त्यात आतली विजेची गाडी धरलेली आहे. सकाळी लवकर जाण्याचा फायदा असा, की नऊनंतर येणारे बसभर पर्यटक यायच्या आत दरी तुमची असते. आम्ही फाटकावरच एक स्थानिक वाटाड्या मुलगी घेतली, तिने इंग्रजीत सगळं नीट समजावलं.

चहूबाजूंनी हिरवे डोंगर, त्यावर धुकं, आणि मध्ये लालसर विटांचे बुरुजासारखे गाभारे. चौथ्यापासून तेराव्या शतकापर्यंत इथे बांधकाम होत राहिलं. भद्रवर्म्याचं पहिलं देऊळ लाकडी होतं, ते जळालं, मग सातव्या शतकात शंभुवर्म्याने ते पुन्हा उभारलं. राजाच्या नावापुढे ईश्वर लावून देवाला नाव द्यायची रीत इथेही आहे, भद्रवर्म्याचा भद्रेश्वर, जसा आपल्या प्रवरसेनाचा प्रवरेश्वर. मी हे वाटाडीला सांगितलं, मोबाइलवर मनसरचे फोटो दाखवले. ती ते मोठे करकरून विटांचे सांधे बघत होती. कारण मीसॉनचं कोडं सांध्यांचंच आहे. विटा इतक्या घट्ट बसल्या आहेत की मधला गारा दिसतच नाही. अभ्यासकांना तिथे झाडाच्या राळेचे अंश सापडले आहेत. बोट फिरवलं तर वीट कुठे संपते ते कळत नाही. आणि गंमत अशी की हजार वर्षांच्या मूळ विटा लाल राहिल्या आहेत, तर नंतर डागडुजीत लावलेल्यांपैकी काहींवर शेवाळ आणि क्षार चढले आहेत.

इथे सत्तरच्या आसपास वास्तू होत्या. फ्रेंच अभ्यासक आंरी पार्मांतिए यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांची मोजमापं आणि चित्रं काढून ठेवली. ऑगस्ट 1969 मध्ये अमेरिकेच्या बॉम्बवर्षावात सगळ्यांत भव्य असं ए-1 देऊळ कोसळलं. बॉम्बचे खड्डे अजून दिसतात, त्यांत गवत वाढलं आहे. 1981 पासून काझिमिएश क्व्यात्कोव्स्की हे पोलिश वास्तुविद इथे दुरुस्तीसाठी येत राहिले आणि 1997 मध्ये ह्वे शहरात त्यांचं निधन झालं. पुढे 2017 ते 2022 या काळात आपल्या भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाने ए, एच आणि के गटांची दुरुस्ती केली. 2020 च्या मे महिन्यात ए-10 मध्ये काम करताना एकाच वालुकाश्मातून घडवलेलं, सुमारे नवव्या शतकातलं शिवलिंग जमिनीतून वर आलं.

बी, सी, डी गट आधी पाहिले. बी-5 ही देवाची भांडीकुंडी, दागिने ठेवायची कोठी, तिचं छप्पर उलट्या होडीसारखं. मग ए गटाकडे गेलो. ए-10 च्या चौथऱ्यावर ते शिवलिंग होतं. योनिपीठ आणि लिंग एकसंध, कडा अजून ताज्या. तिथे पूजा होत नाही, कोणी पाणी घालत नाही. ताई लांबच उभी राहिली, हात जोडले आणि शिवमहिम्न स्तोत्र म्हणायला लागली, आवाज न चढवता, आम्हा दोघींपुरतं. तिला ते अख्खं पाठ आहे. वाटाडी मुलगी आधी काही सांगत होती, ती थांबली. स्तोत्र संपल्यावर तिने विचारलं, हे कोणत्या भाषेत आहे? संस्कृत, मी म्हटलं. ती म्हणाली, इथल्या शिळांवर आहे तीच का? हो, तीच. मग तिने आम्हाला परत डी गटाच्या मंडपात नेलं आणि एक शिलालेख दाखवला. मला ती लिपी वाचता येत नाही, पण आमच्या अजब बंगल्यात, नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात, जुने लेख काचेमागे पाहताना जी ओढ वाटते, तीच तिथेही वाटली.

चंपाचं राज्य 1471 च्या पराभवानंतर खिळखिळं झालं. चाम लोक मात्र आजही दक्षिणेकडच्या किनारी भागात राहतात आणि त्यांच्यातले काही पो क्लोंग गाराई या विटांच्या देवळात अजून पूजा करतात. तिकडे जायला आणखी एक लांबचा प्रवास लागतो, तो यावेळी जमला नाही.

दुपारी साडेबाराला बाहेर पडलो. चालणं बरंच आहे, पण चढ कमी, ताईचे गुडघे टिकले. टोपी, पाणी आणि डासांचं मलम न्या. मंडपात आणि झाडांखाली बसायला जागा आहेत, म्हणून घाई करू नका. ड्रायव्हरला 'चार तास' असं आधीच सांगून ठेवा, नाहीतर ते दोन तासांचाच हिशेब धरतात. होई आन आणि परतीचा प्रवास सुरळीत झाला, त्यात सांगण्यासारखं वेगळं काही नाही.

खर्चाचं शेवटी लिहिते, कारण सगळ्यांना तेच हवं असतं. सगळी विमानं, व्हिसा, विमा, रेल्वे, हॉटेलं, खाणं, तिकिटं, गाड्या धरून माणशी 78 हजारांच्या आसपास गेले. यात दा नांगहून हनोईला परत यायचं देशांतर्गत विमान आलं, ताईच्या पासपोर्टची फी मात्र वेगळी. हॉटेलं साधी, पण स्वच्छ आणि लिफ्ट असलेली निवडली होती, आमच्या वयाला लिफ्ट बघूनच बुकिंग करा. फेब्रुवारी ते मे हा मध्य व्हिएतनामसाठी बरा काळ. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तिकडे जोराचा पाऊस आणि पूर असतो, म्हणून दिवाळीच्या सुट्टीत मीसॉन धरू नका. आणि फाटकावर वाटाड्या नक्की घ्या, त्याचे 3 लाख डोंग सार्थकी लागतात.